वारीतली माउली ‘निघाली’ की ‘निघाले’?

प्रश्न असा आहे: ‘माउली’ शब्द स्त्रीलिंगी, मग ‘माउली आळंदीहून निघाली’ म्हणायचं की ‘निघाले’? आणि वारीत चांगल्या झुपकेदार मिश्यांच्या गृहस्थांनाही माउली का म्हणतात?

पहिल्याचं उत्तर सोपं. ज्ञानेश्वरांबद्दल बोलताना आदरार्थी बहुवचन: माउली निघाले. अभंगाच्या वळणात ‘माउली आली’ही शोभतं, कारण तिथे हाक आईलाच असते. शब्द ‘मातृ’वरूनच आलेला, प्राकृतात ‘माउ’, पुढे माउली.

दुसरा प्रश्न खरा गमतीचा. लिंगाचा हा घोळ वारकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या हौसेने सांभाळलाय. विठोबा पुरुषदेव, तरी विठाई, विठाबाई. जनाबाईंच्या नावावरचा अभंग तर ‘विठू माझा लेकुरवाळा’ म्हणतो. एरवी लेकुरवाळी म्हटलं की डोळ्यांपुढे बाईच येते. देवच आई झाल्यावर ज्ञानोबांना तीच हाक लागली, आणि मग शेजारून चालणाऱ्यालाही.

इथे व्याकरण संपतं आणि अद्वैत सुरू होतं. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत, दहाव्या अध्यायात ओवी आहे: ‘जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत’. भेटेल तो भगवंत, तर त्याला हाक काय मारणार? दादा-काका म्हणायला वय बघावं लागतं, ताई-मावशीला बाई असावी लागते, साहेबाला हुद्दा. ‘माउली, जरा सरका’ म्हणायला यातलं काहीच लागत नाही. चहावाला, बंदोबस्तावरचा पोलीस, सगळे माउली. म्हातारा वारकरी पोरसवदा टाळकऱ्याच्या पाया पडतो तो याच हिशेबाने. तत्त्वज्ञान इतकं रोजच्या संबोधनात उतरलेलं मला तरी दुसरीकडे सापडलेलं नाही.

अर्थात हाक सगळ्यांना पोचली, दार मात्र उघडलं नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. दलितांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरातच उपोषण करावं लागलं. ओवीनंतर साडेसहाशे वर्षांनी!

जाता जाता: फलकांवर सर्रास ‘माऊली’ दिसतं. प्रमाण लेखनात ‘माउली’, कारण शेवटचं अक्षर दीर्घ असलं की आधीचा उकार ऱ्हस्व. वारीत कुणाला हे सुधारायला जाऊ नका.