उटकटारीचं मूळ आणि लिव्हरची गोळी

ताई, सासूबाईंच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, गंगाखेडच्या बाजारात जडीबुटीवाल्यानं उटकटारीचं मूळ दिलं आणि "लिव्हरच्या गोळीतलं मिल्क थिसल म्हणतात ते हेच" असं सांगितलं. आता काढा द्यावा का, हा तुमचा प्रश्न. देऊ नका. ही दोन झाडं वेगळी आहेत.

आपल्या माळावर, बांधावर उगवते ती उटकटारी, म्हणजे एकिनॉप्स एकिनॅटस. खोडावर आणि पानाच्या पाठीवर कापसासारखी पांढरी लव, पानं फाटल्यासारखी, कडांना काटे. दिवाळीच्या पुढेमागे पांढुरके गोल गोंडे धरतात. एक गोंडा चिमट्यानं फोडून बघा, हातानं नको. सूर्यफूल याच कुळातलं, पण तिथं शेकडो फुलांना मिळून एकच हिरवी वाटी असते. इथं प्रत्येक बारक्या फुलाला स्वतःची काटेरी वाटी, आणि अशा वाट्या चिकटून झालेला हा चेंडू. ही खूण दिसली की चूक होत नाही.

मिल्क थिसल, म्हणजे सिलिबम मेरिएनम, हे मूळचं भूमध्य समुद्राकडचं. रुंद हिरव्या पानांवर दूध सांडल्यासारखे पांढरे पट्टे, फूल जांभळं. लिव्हरसाठी नाव झालेलं सिलिमॅरिन त्याच्या बियांत असतं, मुळांमध्ये नाही. शिवाय ते पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे खरं झाड मिळालं तरी काढ्यात थोडंच उतरणार. त्यातल्या सिलिबिनिनचं इंजेक्शन युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना देतात, तिथूनच हा बोलबाला. साध्या फॅटी लिव्हरवर मात्र अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. सिलिमॅरिनची गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगून, कारण साखर आणखी उतरू शकते.

मग उटकटारी बिनकामाची का? तसं नाही. मुळाच्या सालीचं चूर्ण खोकल्यावर मधातून द्यायची जुनी रीत आहे. आमच्या आबांनी बैलाच्या मानेवरच्या जखमेत किडे पडले तेव्हा वाळलेल्या मुळाची पूड दाबून भरली होती. तिसऱ्या दिवशी जखम स्वच्छ दिसत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बैलाच्या मानेला लावणं वेगळं आणि माणसाच्या पोटात घालणं वेगळं. बाळंतपण सुटावं म्हणून हे मूळ द्यायचा प्रकारही खेड्यापाड्यांत ऐकू येतो. घरात कुणी गरोदर असेल तर ती पुडी घरात ठेवूच नका.

एक सांगायचं राहिलं. काटेरी आणि पिवळ्या फुलाचं, तोडल्यावर पिवळा चीक येणारं झाड दिसलं तर तो पिवळा धोतरा, खसखशीच्या कुळातला. त्याचं बी मोहरीत मिसळल्यानं १९९८ साली दिल्लीत माणसं दगावली होती. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि थिसलच्या गोतातलंच झाड हवं असेल तर ते तुमच्या रानात आहेच की! करडई. उटकटारी, मिल्क थिसल, करडई, तिघी एकाच शाखेच्या. म्हणून तर करडईची काढणी भल्या पहाटे, दवानं काटे मऊ असताना, हाताला फडकं गुंडाळून करावी लागते. विरळणीत उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी सासूबाईंना खुशाल करून घाला, फक्त फोडणीत तेल बेतानं.