इंजिन सगळ्यात शेवटी बसव

तुझा प्रश्न दोनदा वाचला. लहान मुलांच्या डर्ट बाईकचं 49 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन तुला भंगारात चालू हालतीत मिळालं आहे, घरी बाबांची 28 इंची काळी सायकल आहे, कळव्याचा वेल्डर म्हणतो ‘दोन तासांत बसवून देतो’, आणि तुला त्यावरून ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कॉलेजला जायचं आहे. वय सतरा. काही जणांनी तुला ‘नको करूस’ एवढंच सांगून सोडलं. मी तसं सांगणार नाही. मी स्वतः वागळे इस्टेटमध्ये मामाच्या शेडमध्ये अशा दोन गाड्या बांधल्या आहेत, आणि त्या कामात जे शिकलो ते कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नसतं. पण तुझा क्रम उलटा आहे. तू इंजिनापासून सुरुवात करतो आहेस. सुरुवात मागच्या चाकापासून आणि ब्रेकपासून करायची, इंजिन सगळ्यात शेवटी.

आधी एक हिशेब कागदावर कर. बाबांची सायकल नको, 26 इंचीच घे, का ते पुढे सांगतो. 26 इंची चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण 2.07 मीटर. ताशी 30 किमी म्हणजे मिनिटाला 500 मीटर, म्हणजे चाक मिनिटाला 240 च्या आसपास फिरणार. तुझं इंजिन जोर देतं मिनिटाला 7,000 फेऱ्यांच्या आसपास. भागाकार केलास तर 29 येतो. इंजिनाचे 29 फेरे झाले की चाकाचा एक फेरा, एवढी घट तुला हवी आहे. पुढे 6 दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, ठेवलं तर मागे 174 दाते लागतील. 8 मिमी पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनवर त्या स्प्रॉकेटचा व्यास 44 सेंमी होतो, म्हणजे जवळजवळ रिमएवढा. मूळ गाडीत हे जमत होतं कारण तिची चाकं टीचभर होती, एका फेऱ्यात ती सायकलच्या चाकापेक्षा बरंच कमी अंतर कापतात.

म्हणून एका चेनने हे काम होत नाही. मध्ये एक जॅकशाफ्ट, म्हणजे दोन चेनना जोडणारा फिरता दांडा, हवा. इंजिनावरून 11 दाते, शाफ्टवर 55, इथे पाचपट घट. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला 9 दाते, मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) 54, इथे सहापट. एकूण 30. दुसऱ्या टप्प्याला 415 ची चेन घे. तिचा पिच सायकलच्या चेनएवढाच, 12.7 मिमी, पण ती रुंद आणि भक्कम असते. सायकलची चेन इथे वापरू नकोस. नेहमीचा सायकलस्वार सलग जोर लावतो तो शे-दीडशे वॉटचा, आणि हे इंजिन दोन अश्वशक्तीच्या घरात आहे, म्हणजे त्याच्या दहापट.

जॅकशाफ्ट आणि इंजिन एकाच प्लेटवर बसव, ही गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. 6 मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, तिच्यावर इंजिनाचे बोल्ट आणि शाफ्टचे दोन बेअरिंग ब्लॉक, आणि मग ती अख्खी प्लेट फ्रेमला तीन ठिकाणी क्लॅम्पने आवळलेली. इंजिन एकीकडे आणि शाफ्ट दुसरीकडे लावलास तर फ्रेम जरा लवचिक झाली की दोघांतलं अंतर बदलतं आणि चेन उडते. वागळेत किंवा रबाळे-महापेच्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे कागदावर मापं घालून गेलास तर तो प्लेट आणि शाफ्ट करून देईल. तोंडी सांगू नकोस. पुठ्ठ्याचा नमुना कापून, फ्रेमवर लावून बघून, मग तो ने.

फ्रेमवर वेल्डिंग करू नकोस. तुझ्या वेल्डरच्या हाताला वाईट म्हणत नाही, तो ग्रिल आणि गेट उत्तम करत असेल. पण सायकलची नळी पातळ असते, आणि आर्कच्या जाड रॉडने ती वेल्डच्या कडेला कमजोर होते. ती लगेच तुटत नाही. सिंगल सिलिंडरची थरथर तिला दिवसेंदिवस खात राहते आणि एक दिवस तडा जातो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा तर विचारच सोड. बाबांची काळी सायकलही जागेवर राहू दे. तिच्या मागच्या चाकात 40 आरे असतात, बाजारात मिळणारं इंजिन-किटचं स्प्रॉकेट नऊ बोल्टांनी 36 आऱ्यांच्या चाकावर आवळायचं असतं, ते तिथे बसतच नाही. शिवाय तिचे रॉडचे ब्रेक आणि क्रोमची रिम पावसात कशी धरतात हे बाबांनाच विचार.

तू स्टीलची जुनी 26 इंची एमटीबी (माउंटन बाईक) शोध, जिच्या हबला डाव्या बाजूला डिस्कसाठी सहा बोल्टांची जागा आहे. ते सहा बोल्ट 44 मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात. ती जागा ब्रेकचा जोर सोसायला बनवलेली आहे, त्यामुळे लेथवर केलेल्या अडॅप्टरने स्प्रॉकेट तिथे लावलंस तर आऱ्यांवर काही आवळायची गरज उरत नाही. उजवीकडे फ्रीव्हील आणि पॅडल जसेच्या तसे राहतात. तोटा एकच, मागची डिस्क जाते. म्हणून मागे ॲल्युमिनियमच्या रिमवर दोन्ही बाजूंनी दाबणारे चांगले व्ही-ब्रेक, आणि पुढे 180 मिमीची डिस्क. त्यासाठी पुढचा चिमटा (फोर्क) डिस्कच्या माउंटचा हवा. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. 25 ला जो ब्रेक पुरेसा वाटतो तो 50 ला पुरत नाही, म्हणून मी गिअरिंगच ताशी 30 च्या वर जाणार नाही असं सांगतो आहे.

आता माझं सांगतो. पहिल्या गाडीवर मी चेन ताणायला रोलरचा टेन्शनर लावला होता, मागच्या गोल नळीला क्लॅम्पने आवळलेला. किटबरोबर तोच येतो. मुरबाडजवळ मित्राच्या शेतातल्या वाटेवर दहा-बारा फेऱ्या मस्त मारल्या. मग मागून टिक्-टिक् असा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं चेनला खडा लागतो आहे. मी थांबलो नाही. पुढच्या वळणावर क्लॅम्प नळीभोवती फिरला, रोलर सरळ आऱ्यांत गेला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. वेग पंचवीसच्या आत होता आणि खाली नांगरलेली माती होती, म्हणून कोपर आणि गुडघ्यावर निभावलं. उठून बघतो तर सात आरे वाकलेले, दोन तुटलेले, चेनची घडी होऊन ती नळी आणि स्प्रॉकेटच्या मध्ये घट्ट अडकलेली, आणि रबर जळल्याचा वास. तीच गोष्ट रस्त्यावर, मागे ट्रक असताना झाली असती तर मी आज हे लिहीत नसतो.

शेडमध्ये आणल्यावर मामांनी एक जुनी युक्ती दाखवली, ती मी तेव्हापासून प्रत्येक वेळी करतो. मागच्या नळ्या स्वच्छ पुसल्या, त्यांवर रॉकेल लावलं, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसलं आणि वर पांढरा खडू घासला. एका वेल्डच्या कडेला केसाएवढी काळपट रेघ हळूहळू उमटत आली. तड्यात शिरलेलं रॉकेल खडूने ओढून घेतलं होतं. नुसत्या डोळ्यांना तिथे रंगाशिवाय काही दिसत नव्हतं. तो वेल्ड मीच हौसेने मारून घेतला होता.

त्यानंतर मी टेन्शनर कधीच वापरला नाही. प्लेटमधली भोकं लांबट खाचा करून घे, म्हणजे शाफ्टचे ब्लॉक आणि इंजिन मागेपुढे सरकवून चेन ताणता येते. मागचा एक्सल चेनच्या ओढीने पुढे सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना चेन-ॲडजस्टर लाव. सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सैल न होणारे), आणि जिथे ते बसत नाहीत तिथे निळं लॉकटाइट, म्हणजे आट्यांना लावायचा डिंक. पहिल्या तासाभराच्या चालवण्यानंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळ. सैल झालेला एक तरी सापडतोच.

किल स्विच हँडलवर, अंगठ्याखाली हवा. तो मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइलची वायर बॉडीला जोडतो, ठिणगी बंद होते, एवढंच त्याचं काम. मनगटाला दोरी बांधायचा प्रकार मिळाला तर तोच घे. केबल अडकून थ्रॉटल उघडाच राहिला तर तुझ्याकडे दुसरं काहीही नसतं. आणि सेंट्रिफ्यूगल क्लच (वेग वाढला की आपोआप पकडणारा) असलेलं इंजिन चालू करताना मागचं चाक नेहमी स्टँडवर, हवेत.

ऑइलचं मिश्रण 25 ला 1 ठेव, म्हणजे पेट्रोलच्या लिटरला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल). आता पंपावर येणाऱ्या ई-20 पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे आणि ते हवेतली ओल ओढतं. ठाण्याच्या पावसाळ्यात महिनाभर टाकी भरून ठेवलीस तर खाली पाणी साचतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवत जा.

कुणी 110 किंवा 125 सीसीचं पिट बाईकचं (छोट्या मोटारसायकलचं) इंजिन घालायला सांगितलं आहे, ते डोक्यातून काढ. ते वीस किलोच्या पुढे जातं, क्रँककेस (इंजिनाचा खालचा डबा) पॅडलच्या मध्ये मावत नाही, आणि पॅडल काढल्यावर उरते ती सायकलच्या नळ्यांची मोटारसायकल. किनेटिकची लूना 1972 साली आली तेव्हा तिलाही पॅडल होते आणि इंजिन 50 सीसीचंच होतं, पण चाकं, ड्रम ब्रेक आणि सांगाडा त्या इंजिनासाठीच आखलेले होते. कुठे लूना दिसली तर तिच्या मागच्या चाकापाशी बसून नीट बघून घे.

आणि कॉलेज. इथे मी मोठा भाऊ म्हणून बोलतो. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये चारपेक्षा कमी चाकांचं आणि 25 सीसीपर्यंत इंजिनाचं वाहन ‘मोटार वाहन’ धरलेलं नाही. तुझं 49 चं आहे. म्हणजे नोंदणी, विमा, लायसन्स सगळं हवं, आणि घरी बांधलेल्या एकुलत्या एका गाडीची नोंदणी करायची तर नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून व्हावी लागते. त्यातून तू अठराच्या आतला. 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 199-अ नुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. तू हौसेने बांधलेल्या गाडीसाठी बाबांना तिथे उभं करू नकोस. कापूरबावडीपासून पुढे कंटेनरच्या रांगेत ही गाडी घालायची कल्पनाही मला सहन होत नाही. येऊरलाही नेऊ नकोस, ते जंगल आहे. कॉलेजला जायलाच हवी असेल तर 250 वॉटच्या आतली आणि ताशी 25 किमीच्या आतच वेग असणारी इलेक्ट्रिक सायकल बघ, तिला नोंदणी लागत नाही. ही गाडी मात्र गावाकडच्या खासगी शेतात, परवानगी घेऊन, हेल्मेट, हातमोजे आणि जाड पँट घालून चालव. हाफ पँट नको, सायलेन्सर गुडघ्याच्या आतल्या बाजूलाच येतो.

या आठवड्यात इंजिनाला हात लावू नकोस. जुनी एमटीबी मिळाली की मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं (एक्सल बसतो त्या खाचांमधलं) आतलं अंतर मोज, 135 मिमी यायला हवं. डाव्या नळीपासून टायरपर्यंत किती जागा आहे ते मोज, आणि हबच्या डाव्या बाजूचा फोटो वरून आणि मागून असे दोन काढून इथे टाक. 54 दात्यांचं स्प्रॉकेट नळीला घासणार की नाही हे त्यावरून सांगता येईल, आणि मग मी प्लेटचं चित्र मापांसकट काढून देतो.