वाचकांचे प्रश्न : गाडी घेण्यावर सरकारने मर्यादा घालावी का?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई सिंगापूरला असतात. दोघेही चांगले कमावतात, तरी त्यांनी गाडी घेतलेली नाही, कारण तिथे गाडीच्या किमतीखेरीज ती बाळगण्याचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो. इकडे ठाण्यात सोसायटीत आमच्या नावावर एकच पार्किंग आहे आणि मुलाला दुसरी गाडी घ्यायची आहे. पार्किंगचा पुरावा असल्याशिवाय नवी गाडी नोंदवू नये, अशी चर्चा आपल्याकडेही सुरू आहे. कर भरून, घामाच्या पैशाने घेतलेल्या वस्तूवर सरकारने अशी बंधने घालणे न्याय्य आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, आणि कर भरणाऱ्या माणसाला तो पडायलाच हवा. तरीही बंधन असावे, असे माझे मत आहे. मात्र ते सिंगापूरसारखे नसावे.

सिंगापूरने १९९० पासून गाड्यांची संख्याच ठरवून दिली आहे. महिन्यातून दोनदा परवान्यांसाठी बोली लागते, परवाना दहा वर्षांचा असतो आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरून तो वाढवावा लागतो किंवा गाडी मोडीत काढावी लागते. देशाच्या एकूण जमिनीपैकी सुमारे १२ टक्के जमीन रस्त्यांनीच व्यापलेली असल्याने २०१८ पासून तिथल्या सरकारने खासगी मोटारींच्या वाढीचा दर शून्यावर आणला. परिणामी ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान मोटारीच्या नुसत्या परवान्याची बोली १,०६,००० सिंगापूर डॉलरवर, म्हणजे साठ लाख रुपयांच्याही पुढे गेली. रस्ते मोकळे राहतात हे खरे. पण म्हाताऱ्या आईवडिलांना दर आठवड्याला दवाखान्यात नेणारा मध्यमवर्गीय आणि हौसेखातर गाडी घेणारा धनिक यांना एकाच बोलीत उभे केले, की गरज कोणाची मोठी हे कोणी विचारत नाही. तिथे मेट्रो आणि बस घराजवळ, वेळेवर मिळते, म्हणून लोक ते सोसतात. जिथे बसची वाट पाहण्यात अर्धा तास जातो, तिथे हाच नियम अन्याय ठरेल.

जपानचा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. तिथे १९६२ च्या कायद्याने गाडी नोंदवण्याआधी ती कुठे उभी राहणार हे दाखवावे लागते. घरापासून दोन किलोमीटरच्या आतली जागा हवी, आणि अर्जासोबत तिचा नकाशा लांबी-रुंदीसह काढून पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. रस्त्यावर एकाच ठिकाणी बारा तास, रात्री आठ तास गाडी ठेवण्यासही हा कायदा मनाई करतो. आपण किती गाड्या घ्याव्यात, हे सरकार सांगत नाही. रस्ता हे आपले गॅरेज नाही, एवढेच सांगते.

आपल्याकडे नेमके हेच निसटते. मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. चाळीतली दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची असते. त्या खोलीत पाच माणसांचे कुटुंब भाडे भरून राहते आणि तिच्यासमोरच्या रस्त्यावर तेवढीच जागा रिकामी गाडी रात्रभर फुकट अडवते. ती जागा आपल्या घामाच्या पैशाने घेतलेली नसते, ती सगळ्यांची असते. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असल्यामुळे एका शेजाऱ्यांना खुर्चीवर बसवून, चौघांनी उचलून नाक्यावरच्या रुग्णवाहिकेपर्यंत न्यावे लागले. तेव्हापासून या प्रश्नाकडे मला केवळ वाहतुकीचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही.

पार्किंगची जागा नसलेल्या कुटुंबांना अनेक गाड्या घेऊ देऊ नयेत, असे मत मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२१ मध्ये व्यक्त केले होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या पुराव्याची अट आणण्याचा विचार बोलून दाखवला. विचार योग्य आहे. माझी भीती अंमलबजावणीची आहे. सोसायटीचे खोटे पत्र मिळवणे अवघड नाही, आणि अट फक्त महानगरापुरती ठेवली तर लोक गावाकडच्या पत्त्यावर पासिंग करून गाडी इथेच आणून लावतील. पार्किंगची जागा गोदामाला किंवा दुकानाला देणाऱ्या इमारतींवर आधी कारवाई व्हायला हवी. शिवाय बसगाड्या कमी होत असताना लोकांना गाडी घेऊ नका म्हणायचा अधिकार सरकारला उरत नाही, म्हणून ही अट आणि नव्या बस या दोन्ही गोष्टी एकाच वेळी यायला हव्यात.

राहिला प्रश्न आपल्या मुलाचा. कायदा होण्याची वाट न पाहता त्यांनी सोसायटीत किंवा जवळपास एखादी जागा महिन्याच्या भाड्याने मिळते का, याची चौकशी करावी आणि ते भाडे गाडीच्या हप्त्यात मिळवून पाहावे. तरीही परवडत असेल, तर गाडी अवश्य घ्यावी. जागाच मिळत नसेल, तर ती गाडी रात्री कोणाच्या दारासमोर उभी राहणार, हे त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांनीच विचारावे.