लूना पार्कच्या जुन्या रोलर कोस्टरवर माणसाने ब्रेक लावणे धोक्याचे नाही का?

मेलबर्नच्या लूना पार्कमधील १९१२ सालच्या ‘सीनिक रेल्वे’ या लाकडी रोलर कोस्टरवर आजही गाडीत उभा असलेला कर्मचारी हाताने ब्रेक लावतो हे खरे का, आणि संगणकाच्या काळात लहान मुलीला त्यात बसवावे का, असे आपण विचारले आहे. पहिली गोष्ट खरी आहे. दुसऱ्या प्रश्नामागे माणसाच्या हाताविषयी जो अविश्वास आहे, तो मात्र मला मुळीच मान्य नाही.

माझे वडील मालगाडीचे गार्ड होते आणि बोरघाट उतरताना ब्रेकव्हॅनमधील हातब्रेक हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. म्हणूनच, आम्ही मुलीकडे मेलबर्नला गेलो असताना, ‘माणसाच्या भरवशावर जीव कोण टांगणार?’ असे म्हणून माझे मेहुणे फाटकाबाहेरच थांबले, ते मला फार लागले. मी बसलो, आणि मुद्दाम ब्रेकमनच्या जवळची जागा धरली. गाडी चढ ओलांडून सुटली की त्याची नजर पुढच्या वळणावर खिळते. वळण येण्याआधीच दांडा धरून तो सगळे अंग मागे टाकतो, चाकांचा खडखडाट जरासा उतरतो आणि वळण सरताच त्याची पकड सैल होते. भोवती मुले किंचाळत होती, पण त्याने एकदाही मान वळवली नाही.

हा माणूस हौसेखातर ठेवलेला नाही. अशा जुन्या बांधणीत डबे वर उचलले जाऊ नयेत म्हणून रुळाखालून धरणारी चाके नसतात, त्यामुळे उंचवट्यावर वेग आवरावाच लागतो. ती चाके अमेरिकेतील जॉन मिलर यांनी आणली, त्यांचे पेटंट १९१९ सालचे, आणि त्यानंतरच खरे उभे उतार शक्य झाले. कोपनहेगनच्या तिवोली बागेतील १९१४ सालच्या रोलर कोस्टरवरही ब्रेकमन आहेच.

मेहुण्यांचा सिद्धांत असा, की जुने आणि हाताने चालणारे ते सारे धोक्याचे. पण न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली उभारलेल्या ‘फ्लिप फ्लॅप’ या रोलर कोस्टरने लोकांच्या माना दुखावल्या, त्याचे कारण ब्रेक लावणारा माणूस नव्हता, त्याचा लूप, म्हणजे गाडीला उलटे करून फिरवणारा उभा फेरा, अगदी गोल होता हे होते. गोल लूप पुरा करायचा, तर तळाशी शरीरावर वजनाच्या किमान सहापट भार येतो, आणि तोही एकाएकी. हा दोष कागदावरचा होता आणि तो कागदावरच सुटला: १९७६ साली कॅलिफोर्नियात ‘रिव्होल्यूशन’ हे रोलर कोस्टर उभे राहिले, तेव्हा वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने लूपला थेंबासारखा आकार दिला, ज्यात तळाशी वळण मोठ्या घेराचे आणि माथ्यावर लहान घेराचे असते. आराखडाच चुकलेला असताना कोणत्याही संगणकाने त्या माना वाचवल्या नसत्या.

तेव्हा निर्धास्तपणे जावे. मात्र मुलीची उंची प्रवेशापाशी लिहिलेल्या नियमात बसते का, हे आधी पाहावे, आणि घरातील कोणाला मानेचा वा पाठीचा त्रास असेल, तर त्यांना बसवू नये, कारण लाकडी रुळावर हादरे बसतातच. आणि सोबत कोणी माझ्या मेहुण्यांसारखे असतील, तर त्यांना ब्रेकमनशेजारीच बसवावे.