बुबुळ न खरवडता बुरशी ओळखता येईल का?

प्रश्न : ऊसतोड करताना वडिलांच्या डोळ्याला पाचट लागलं. आता बुबुळावर पांढरा ठिपका आलाय, ठणका आहे. बुरशीचा संशय असल्याने डॉक्टर बुबुळ खरवडून नमुना घेणार आहेत. कॉन्फोकल मायक्रोस्कोपने न खरवडताच बुरशी दिसते म्हणतात. ते नाही का चालणार?

उत्तर : खरवडू द्या, आणि तेही आजच. ०.५ टक्के प्रोपॅराकेनच्या थेंबांनी बुबुळ बधिर होतं, दुखत नाही. वरचा स्राव पुसून मग स्लिट लॅम्पमधून (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून) पाहत १५ नंबरच्या ब्लेडने जखमेची कड आणि तळ खरवडतात. नुसता वरचा स्राव घेतला तर काचपट्टीवर पू येतो, बुरशी आत राहते. नमुन्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्याने पेशी विरघळतात, बुरशीचे तंतू टिकतात. ४० च्या भिंगाखाली आडवे पडदे असलेले, फांद्या फुटलेले तंतू दिसले की निदान झालं, तेही त्याच दिवशी. इथे एक चूक सर्रास होते: उजेड पूर्ण ठेवला की हे रंगहीन तंतू दिसतच नाहीत. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (नमुन्यावर उजेड एकवटणारं भिंग) खाली घ्यावा लागतो. कॅल्कोफ्लुअर व्हाइट हा बुरशीला चिकटणारा रंग आणि तो चमकवणारा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप असेल तर तंतू चमकतात, सुटत नाहीत. उरलेला नमुना कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून पाहायला, जातो. बुरशीची जात तिथेच कळते, पण कधी दोन आठवडे लागतात.

कॉन्फोकलमध्ये बुबुळाला जेल लावून टोपी टेकवतात आणि लेझरने ४०० मायक्रॉन (०.४ मिलिमीटर) बाजूच्या चौरसाची चित्रं थराथराने घेतात. व्रण खोल असेल, वरची त्वचा शाबूत असेल, किंवा काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्याला अकँथअमिबा या एकपेशीय परजीवीची शंका असेल, तर ही तपासणी फार मोलाची. पण जीवाणू तिच्यात ओळखता येत नाहीत, बुरशीची जात कळत नाही. पू दाट असेल तर चित्र धूसर येतं, आणि बुबुळातल्या नसा नवख्या डोळ्याला तंतू वाटू शकतात. म्हणून कॉन्फोकलमध्ये काही दिसलं नाही, तर बुरशी नाहीच असं धरू नये.

प्रश्न : तोवर दुकानातून आणलेले थेंब चालू ठेवावेत का?

उत्तर : नाही. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी झपाट्याने खोल जाते. बाटली सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा. बुरशीचं औषध, बहुधा ५ टक्के नॅटामायसिन, नमुना घेतल्यावर लगेच सुरू होतं. सुरुवातीला दर तासाला.