कुत्र्याची गाठ

"मॅडम, कुत्रं सोडून देऊ का?"

सोनोग्राफीचा कागद घेऊन येणारं जवळजवळ प्रत्येक घर पहिल्यांदा हेच विचारतं. यकृतात पाण्याची गाठ निघालेली असते, डॉक्टरांनी तिचं नाव 'हायडेटिड' असं सांगितलेलं असतं, पण घरच्यांच्या डोक्यात एकच वाक्य बसलेलं असतं: कुत्र्यापासून होतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात समुपदेशक आहे. सुरुवातीला मीही "हो, सोडा" म्हणून मोकळी व्हायचे. एका घरानं खरंच कुत्रं गाडीवर बसवलं, शेजारच्या गावच्या बाजारात सोडलं आणि महिनाभरात नवं पिल्लू आणलं. वावरात रानडुकरं येतात, कुत्र्याशिवाय जागल होत नाही. तेव्हापासून या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देत नाही.

ही बाई पस्तिशीची. गाठ नऊ सेंटिमीटरची. सोबत नवरा, सासू आणि नऊ वर्षांचा मुलगा. सासूबाई दोन खुर्च्या सोडून बसल्या, तिथंच अर्धी गोष्ट कळली. घरी हिचं ताट वेगळं, अंथरूण ओसरीत, पोराला जवळ घ्यायची बंदी. कुत्र्याचं विचारलं नवऱ्यानं. हिनं खालमानेनं वेगळंच विचारलं, "माह्यापासून पोट्ट्याले त नाही ना लागणार?"

नाही लागणार. उष्ट्यातून नाही, खोकल्यातून नाही, कुशीत झोपल्यानं नाही. या रोगाचा फितीसारखा कृमी वाढतो कुत्र्याच्या आतड्यात. जेमतेम तीन ते सात मिलिमीटरचा, पण असतात हजारोंनी, आणि कुत्रं मात्र दिसायला ठणठणीत. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. तिथून मातीत, गवतावर, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर, आपल्या हातावर. माणसाच्या पोटात अंडं गेलं की गाठ होते, पण माणूस पुढं अंडी टाकत नाही. साखळी माणसापाशी तुटते. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, ताट आजच एक करा." त्या काही बोलल्या नाहीत.

मग सोनोग्राफीच्या पाकिटावर मी कुत्रं काढलं, गवत काढलं, बकरी काढली (मुलगा म्हणाला, ही बकरी नाही, गधा हाय). बकरी ते गवत खाते, तिच्याही काळजात, म्हणजे यकृतात, आणि फुप्फुसात तशाच पाण्याच्या गाठी होतात. इथं थांबून विचारलं, "कंदुरीला बकरा कापता तेव्हा काळजात पाण्याचे फोड निघतात?"

"निघतात ना," नवरा म्हणाला. "ते माणसाच्या कामाचं नाही. भुऱ्याले टाकतो."

तेच. आपण न खाण्याइतपत शहाणे असतो आणि तेच कच्चं काळीज कुत्र्यापुढं टाकतो. त्या पाण्यातले सूक्ष्म अंकुर कुत्र्याच्या पोटात गेले, की साधारण सहा-सात आठवड्यांत तिथं अंडी देणारे कृमी तयार.

सासूबाई सुनेकडं हात करून एकदम बोलल्या, "टाकते कोण? हेच टाकते सारं. म्या किती डाव सांगतलं." बाई रडायला लागली. तिला चार महिने हेच ऐकवत होते.

मी भुऱ्याचं वय विचारलं. दोन वर्षं. आता ही गाठ वाढते फार हळू. नऊ सेंटिमीटर व्हायला बहुधा कितीतरी वर्षं लागलेली असतात. भुऱ्या जन्मायच्या आधी ती पोटात असणार, कदाचित लग्नाच्याही आधी. झालं! सासूबाई खुर्चीत सरसावल्या, "म्हणजे माहेरून आणलं?" दोष कुत्र्यावरून काढावा तर तो सुनेवर जातो, सुनेवरून काढावा तर व्याह्यांवर. मी म्हटलं, "आई, तुमच्या माहेरी बकऱ्याचं असलं काळीज कुठं जायचं?" त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कुत्र्याइलेच टाकत."

औषधाचं थोडक्यात. तिला अल्बेंडाझोल सुरू होतं आणि नंतर शस्त्रक्रिया होती. शाळेत जंतनाशक दिनाला चघळायला देतात तेच औषध, म्हणून घरात त्याची किंमत नव्हती, दोन दिवस देऊन थांबवलं होतं. इथं ते आठवडेच्या आठवडे, रक्त तपासत घ्यावं लागतं, आणि दिवस राहिले असतील तर आधी डॉक्टरांना सांगावं लागतं. दुसरी गोष्ट माझ्या मते त्याहून मोठी. ही पोट चोळून घ्यायला गावातल्या एका बाईकडे जात होती. गाठ फुटली तर आतल्या पाण्यानं अंगावर जबरदस्त रिॲक्शन येऊन जिवावर बेतू शकतं. ते त्याच दिवशी बंद करायला सांगितलं.

मग भुऱ्या. "त्याले इंजेक्शन देल्लं हाय," नवरा म्हणाला. ते रेबीजचं. गोचिडाचं इंजेक्शनही या कृमीला लागू पडत नाही. त्याला प्राझिक्वांटेल नावाची कृमीची गोळी लागते, कुत्र्याच्या वजनावर मोजून, पशुवैद्यकाला विचारून ठरल्या अंतरानं पुन्हा पुन्हा. गोळीनं कृमी मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून नंतरचे दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवायचं आणि विष्ठा जाळायची किंवा खोल पुरायची. आणि कच्चं काळीज पुन्हा टाकलं तर गोळी वाया.

पाहुण्यांकडून आलेला एक प्रश्नही नवऱ्यानं विचारला. दीर नागपूरला, फ्लॅटमध्ये कुत्रा पाळतो. तो कुत्रा शिजवलेलं खातो आणि दोरीनं बांधून फिरतो, त्याची मला फारशी धास्ती नाही. शहरात भीती आहे ती उघड्यावर जनावरं कापतात तिथं घुटमळणाऱ्या कुत्र्यांची. आइसलँडची राजधानी रेक्याविकमध्ये 1924 साली कुत्रं पाळायलाच बंदी घातली होती. पण त्या देशात साठ वर्षं आधीच, 1864 मध्ये, हाराल्ड क्राबे नावाच्या डॅनिश संशोधकाची या रोगावरची पुस्तिका घरोघर वाटली गेली होती. हा रोग तिथून पुढं हद्दपार झाला. मला विचाराल तर बंदीपेक्षा पुस्तिका बरी, आपल्याकडं डुकरं कोण हाकलणार?

शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी सगळे पुन्हा आले. मुलाची सोनोग्राफी झाली होती, साफ निघाली. मध्ये एक कंदुरी होऊन गेली. फोडाचं काळीज कंबरभर खड्ड्यात पुरलं, वर बाभळीच्या काट्या आणि दगड रचले. भुऱ्या रात्रभर तिथं उकरत होता म्हणे. सासूबाई या वेळी सुनेच्या शेजारच्या खुर्चीत होत्या, ताटाचा विषय कुणी काढला नाही, मीही काढला नाही.

गोळीसाठी वजन कसं केलं, ते मुलाला सांगायचं होतं. भुऱ्याला बोंदऱ्यात घातलं, मुंडकं बाहेर ठेवलं आणि कापूस मोजायच्या काट्याला टांगलं.

"अठरा किलो भरला, मॅडम. बोंदऱ्याचं वजन कापून."