रेकॉर्ड इंग्लंडची की इंडियाची, कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की शनिवार खुटाजवळ जुन्या सामानात एचएमव्ही कंपनीची इंग्रजी एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, मिळाली, कव्हरवर इंग्लंडचं नाव आहे म्हणून विकणारा इंग्लंडचीच म्हणून जास्त पैसे सांगतोय. तर कव्हरवर जाऊ नका, कव्हर एकीकडचं नि आतली तबकडी दुसरीकडची असं लई वेळा असतंय. तबकडी बाहेर काढा आणि लेबलाच्या कडेनं गोल फिरणारी बारीक अक्षरं वाचा, मेड इन इंडिया किंवा ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया दिसलं की विषय संपला, ती कलकत्त्याला दमदमच्या कारखान्यातली. मेड इन ग्रेट ब्रिटन असेल तर इंग्लंडची.

आता लोक फसतात कुठं तर नंबरात. गाणी संपल्यावर लेबलाच्या आधी जी मोकळी काळी पट्टी असते तिथं मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, कोरलेला नंबर चमकतो बघा, पण साचे इंग्लंडहून यायचे त्यामुळं इंडियातल्या रेकॉर्डवरपण तोच नंबर असू शकतोय. म्हणून एकट्या नंबरावर विश्वास ठेवून पैसे देऊ नका, लेबल आधी.

लेबलावर चौकोनात जेमा (GEMA, गाण्यांचे हक्क सांभाळणारी जर्मन संस्था) असेल तर जर्मनीकडची शक्यता, पण हॉलंडच्यावरपण ते येतंय. एसआयएई (SIAE, तसलीच इटलीची संस्था) म्हणजे इटली.

आणि इंडियाची निघाली म्हणून कमी समजू नका हो, माझ्याकडं दमदमच्या काही आहेत, आवाज अजून काय भरीव येतोय! लेबलाचा जवळून फोटो टाका, बघून सांगतो.